म्युझियमच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र : ते सामान ‘अज्ञात’ नाहीये, ते अजून कुणी नीट वाचलेलं नाही

माननीय विश्वस्त मंडळ,

सप्रेम नमस्कार.

तुमची लिलावाची नोटीस वाचली. ‘बुडालेल्या जहाजांवरचं किरकोळ सामान, मूळ जहाज अज्ञात, स्वच्छ व पॉलिश करून, सजावटीसाठी उपयुक्त.’ त्याखाली लॉट नंबर आणि फोटो, आणि फोटोत चकचकीत पितळ. मी आधी तुम्हाला मेल केली होती, त्याची पोच आली, उत्तर काही आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. म्युझियमचं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण हा प्रकार फक्त तुमच्याकडे होतोय असं नाही, गोडाऊन भरलं की बऱ्याच ठिकाणी हीच आयडिया सुचते, आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये, लिलाव थांबवायचाय.

माझा काय संबंध, तर माझी सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. व्हॉल्व्ह, पंप, गेज, फ्लँज हेच आयुष्यभर हातात. निवृत्तीनंतर बुडालेल्या जहाजांवरून वर आलेल्या सामानावरून जहाज कुठलं ते शोधायचा नाद लागला, आणि या नादात बऱ्याच देशांतले माझ्यासारखे रिकामटेकडे लोक आहेत, आम्ही एकमेकांना फोटो पाठवतो, जुनी रजिस्टरं चाळतो, भांडतो. तुमच्या गोडाऊनमध्येही मी रीतसर परवानगी काढून बसलेलो आहे. त्यामुळे तुम्ही जे ‘किरकोळ’ म्हणताय त्यातलं बरंचसं मी हाताळलंय.

आता पहिली तक्रार, आणि बाकीच्या सगळ्या तिच्यातूनच निघतात. तुमच्या नोटिशीत लिहिलंय की ‘कोणत्याही वस्तूवर जहाजाचं नाव नसल्याने ओळख पटणे शक्य नाही.’ हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांना बहुतेक वाटतं की ओळख म्हणजे घंटा, आणि घंटेवर नाव. कधी कधी असतंही तसं. १७१७ साली बुडालेल्या व्हिडा या चाच्यांच्या जहाजाची घंटा १९८५ मध्ये वर आली, तिच्यावर जहाजाचं नाव आणि १७१६ साल स्पष्ट होतं, वाद संपला. पण असं नशीब सगळ्यांचं नसतं. आणि खरं सांगायचं तर घंटा ही बऱ्याचदा फसवी निघते. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारात जी प्रसिद्ध घंटा टांगलीय ती १७९९ साली बुडालेल्या ल्युटिन जहाजावरची, १८५८ मध्ये समुद्रातून काढलेली, आणि तिच्यावर कोरलंय काय तर ‘सेंट जाँ, १७७९’. म्हणजे नुसतं नाव वाचून निकाल लावला असता तर ल्युटिनचं भलतंच बारसं झालं असतं. ब्लॅकबियर्ड या चाच्याच्या क्वीन ॲन्स रिव्हेंज जहाजाच्या जागेवर सापडलेल्या घंटेवर १७०५ साल आहे आणि येशू-मेरीचं नाव आहे, जहाजाचं नाहीच. हूड या ब्रिटिश युद्धनौकेची घंटा २०१५ मध्ये वर काढली, ती तर त्याच नावाच्या आधीच्या युद्धनौकेवर वापरलेली होती, नशिबाने तसं तिच्यावरच लिहून ठेवलंय. घंटा धातूची वस्तू आहे, विकली जाते, लुटली जाते, एका जहाजावरून दुसऱ्यावर जाते.

उलट, नाव नसलेल्या वस्तू काय काय सांगतात बघा. सेंट्रल अमेरिका हे सोनं घेऊन जाणारं जहाज १८५७ साली बुडालं. त्याच्या घंटेवर जहाजाचं नाव नाही, तिच्यावर ‘मॉर्गन आयर्न वर्क्स, न्यूयॉर्क, १८५३’ असं कारखान्याचं नाव आहे, आणि त्या जहाजाची इंजिनं मॉर्गनच्याच कारखान्यातली. रिपब्लिक नावाची आगबोट १८६५ मध्ये वादळात बुडाली, २००३ साली सापडली, घंटेवर एवढीच अक्षरं वाचता आली : एस, एस, ई, ई. रिपब्लिक या नावात ही अक्षरं अशी कुठेच नाहीत. पण जहाजाचं आधीचं नाव होतं टेनेसी, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगचा शेवट बरोबर असाच. ज्याने जहाजाचा पूर्वेतिहास वाचला नाही त्याने ती घंटा ‘अज्ञात’ म्हणून बाजूला ठेवली असती.

टायटॅनिकबद्दल तर तुम्हीही ऐकलं असेल, की ते टायटॅनिक नव्हतंच, जुळं भावंड ऑलिम्पिक होतं, अदलाबदल केली वगैरे. या सगळ्या गप्पांना तळातल्या पंख्याच्या पात्यावरचा एक आकडा पुरतो : ४०१. टायटॅनिकचा यार्ड नंबर, म्हणजे जहाज बांधणाऱ्या कारखान्याने दिलेला नंबर. ऑलिम्पिकचा ४००. नाव बऱ्याचदा नुसतं रंगवलेलं असतं, ते जातं. यार्ड नंबर धातूत ठोकलेला असतो.

हा यार्ड नंबर प्रकार जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या लॉटमध्ये तो आहे. जहाज बांधणीच्या कारखान्यात एकावेळी तीन-चार जहाजं उभी असतात, सगळ्यांचं सामान एकाच शेडमध्ये येतं, त्यामुळे कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जहाजाला जायचा ते कळावं म्हणून फिटर लोक त्याच्यावर पंचने नंबर ठोकायचे. अशा सामानावर हा नंबर सहसा दर्शनी भागावर नसतो. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीच्या, कडेला, चाकाच्या आतल्या बाजूला, पोर्टहोलच्या, म्हणजे जहाजाच्या गोल खिडकीच्या, कड्याच्या मागे, लाकडी पॅनलच्या पाठीला. म्हणजे बरोबर त्या जागी जी तुमच्या कॅटलॉगच्या फोटोत दिसत नाही.

तुमच्याकडे एक पितळी व्हॉल्व्ह आहे, कॅटलॉगमध्ये त्याला ‘सजावटीचं चाक’ म्हटलंय. त्याच्या खालच्या फ्लँजवर, दोन बोल्टच्या भोकांच्या मधे, तीन आकडे ठोकलेले आहेत. मधला आकडा किंचित कलता बसलाय, फिटरचा पंच हातात सरकला असणार. त्याच्यावर हिरवट थर होता म्हणून मी बॅटरी आडवी धरून सावलीत वाचला. आता तुमच्या रजिस्टरप्रमाणे त्या व्हॉल्व्हबरोबर त्याच डायव्हरने, त्याच जागेवरून, एक प्रेशर गेज, एक पोर्टहोल आणि अर्धा तुटलेला बशीचा तुकडा आणून दिला होता. गेजवर लाल रेघ १६० पौंडांवर आहे. एवढ्या प्रेशरचा बॉयलर म्हणजे ट्रिपल एक्स्पान्शन, वाफ तीन टप्प्यांत वापरणाऱ्या, इंजिनाचा जमाना, म्हणजे १८८१ च्या ॲबर्डीन जहाजानंतरचा, त्याच्या आधीच्या दोन टप्प्यांच्या कंपाउंड इंजिनांना एवढ्या प्रेशरची वाफ लागत नव्हती. बशीच्या तुकड्यावर एका झेंड्याचा अर्धा भाग आहे, म्हणजे जहाज कंपनीचं चिन्ह. वेगवेगळं बघितलं तर चारही वस्तू मुक्या. एकत्र ठेवल्या तर काळ, कंपनी आणि यार्ड नंबर, तीन बाजूंनी जाळं आवळत येतं. मी अजून नाव सांगू शकत नाही, पण यादी फार लांबही राहिलेली नाही.

आणि तुम्ही काय केलंत? व्हॉल्व्ह एका लॉटमध्ये, गेज ‘घड्याळं व उपकरणं’ मध्ये, पोर्टहोल बाकीच्या पोर्टहोलबरोबर जोडी लावून आरशाच्या फ्रेमसाठी, आणि बशीचा तुकडा कॅटलॉगमध्ये नाहीच. फेकला की काय देव जाणे.

ही माझी दुसरी तक्रार. सामान दिसण्याप्रमाणे लावलंत, आलेल्या जागेप्रमाणे नाही. तुमच्या जुन्या स्टोअरकीपरने रजिस्टर फार सुंदर ठेवलं होतं, कुणी दिलं, कधी दिलं, कुठल्या खुणेवरून डायव्ह केली होती, किती खोल, तळ वाळूचा की खडकाचा. ते रजिस्टर म्हणजे तुमच्या गोडाऊनमधली सगळ्यात मौल्यवान वस्तू होती, आणि लॉट पाडताना त्याचा नंबर प्रत्येक वस्तूवरून काढून टाकलाय. टॅग काढून टाकले कारण फोटोत बरे दिसत नाहीत, असं मला सांगितलं गेलं.

जागेचं महत्त्व किती, तर ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनच्या मोहिमेचं उदाहरण घ्या. १८४५ मध्ये एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं १२९ माणसांसकट आर्क्टिकमध्ये गेली ती परत आलीच नाहीत. तिथले मूळ रहिवासी इनुइट लोक पिढ्यानपिढ्या सांगत होते की एक जहाज अमुक बाजूला बुडालंय. शोधमोहिमा किती झाल्या त्याला गणती नाही. मग सप्टेंबर २०१४ मध्ये एका छोट्या बेटावर लोखंडाचा एक तुकडा सापडला, होडी खाली सोडायच्या डेव्हिटचा भाग, त्याच्यावर ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण. बस. तो तुकडा तिथे किनाऱ्यावर होता म्हणजे जहाज जवळ आहे, आणि पुढच्या काही दिवसांतच सोनारवर एरेबस दिसलं. आता कल्पना करा की तोच तुकडा कुणी उचलून नेला असता, घासून घेतला असता आणि ‘जुना बिजागर, मूळ अज्ञात’ म्हणून विकला असता. तुकडा तोच, बाण तोच, उपयोग शून्य.

लापेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीच्या बाबतीतही हेच. त्याची दोन फ्रेंच जहाजं १७८८ नंतर गायब. जवळजवळ चाळीस वर्षांनी पीटर डिलन नावाच्या कप्तानाला पॅसिफिकमधल्या टिकोपिया बेटावर तलवारीच्या मुठीचा भाग दिसला, त्याने नुसता विकत घेतला नाही, विचारलं की हे आलं कुठून. लोकांनी वानिकोरो बेटाचं नाव सांगितलं. तो तिथे गेला, घंटा आणली, तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव होतं, पॅरिसमध्ये त्या मोहिमेतून वाटेत उतरल्यामुळे वाचलेले लेसेप्स अजून हयात होते, त्यांनी वस्तू ओळखल्या. पण दोन जहाजांपैकी कुठलं कुठल्या जागी बुडालं हा प्रश्न तसाच भिजत पडला, तो सुटला २००५ साली, वानिकोरोच्या तळातून आलेल्या एका सेक्स्टंटवर, म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून जागा काढायच्या उपकरणावर, ‘मर्सिए’ हे कारागिराचं नाव निघालं आणि तो सेक्स्टंट त्या दोनपैकी बूसोल जहाजाच्या सामानाच्या यादीत होता. दोन शतकांहून जास्त काळ थांबलेलं उत्तर. यादी जपली होती म्हणून मिळालं.

तिसरी तक्रार पॉलिशची, आणि इथे मला खरंच राग आवरावा लागतोय. पितळेचं एकवेळ समजू शकतो, बफ मारला की चमकतं, विकलं जातं. पण पंचने ठोकलेला नंबर गेला तरी त्याच्या खाली धातू दबलेला असतो त्याच्यावरून तज्ज्ञ कधी कधी परत वाचू शकतात, कोरलेलं किंवा ओतताना उमटलेलं अक्षर एकदा घासून गेलं की गेलं. आणि तांब्या-पितळेच्या पत्र्यांचं काय? जहाजाच्या लाकडी तळाला किडे लागू नयेत म्हणून पत्रा मारायची सुरुवात ब्रिटिश नौदलात १७६१ च्या अलार्म जहाजापासून झाली, मग कळलं की तांब्याच्या पत्र्याखाली लोखंडी बोल्ट समुद्राच्या पाण्यात झपाट्याने सडतात, म्हणून १७८० च्या दशकात बोल्टही तांब्याचे झाले, मग १८३२ मध्ये मुंट्झ नावाच्या उद्योजकाने साठ टक्के तांबं आणि बाकी जस्त असा स्वस्त पत्रा पेटंट केला आणि त्याच्यावर छाप मारायला सुरुवात झाली. म्हणजे एक हातभर पत्रा आणि दोन खिळे मिळाले तरी जहाज कुठल्या काळात बांधलं किंवा दुरुस्त केलं याचा अंदाज येतो. तुमच्या लॉटमध्ये ‘जुना तांब्याचा पत्रा, भंगार दराने’ असं आहे. त्याच्यावरचा छाप कुणी बघितला का?

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, वस्तूंबद्दल तर बोलूच नये असं वाटतं पण बोलतो. समुद्रात शंभर-दीडशे वर्षं पडलेलं बीड दिसायला जसंच्या तसं असतं, अक्षरंसुद्धा असतात, पण आतलं लोखंड निघून गेलेलं असतं आणि राहतं ते मुख्यतः ग्रॅफाइट, पेन्सिलीच्या शिशासारखं मऊ. नखाने ओरखडा उठतो. ते पाण्यात ठेवायचं असतं, क्षार हळूहळू काढायचे असतात, उघड्यावर सुकवलं तर तडकतं, कधी कधी हवेशी प्रक्रिया होऊन हाताला गरमही लागतं. तुमच्याकडे बिडाचं एक बेअरिंगचं घर होतं, त्याच्यावर ओतशाळेच्या नावाची पाच-सहा अक्षरं अर्धवट वाचता येत होती. मी पुढच्या वेळी आलो तेव्हा ते टबातून काढून मांडणीवर ठेवलं होतं आणि एक मुलगा, बिचाऱ्याला सांगितलं तसं तो करत होता, तारेच्या ब्रशने ते ‘स्वच्छ’ करत होता. खाली काळी पूड पडलेली. अक्षरं त्या पुडीत. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

लोखंडाचे जे दगडासारखे गोळे तुम्ही ‘निरुपयोगी’ म्हणून लॉटमधूनही वगळलेत, त्यांच्याबद्दल पण एक ओळ. आतलं लोखंड पूर्ण विरघळलेलं असलं तरी गोळ्याच्या आत त्या वस्तूची पोकळी साच्यासारखी राहते, एक्स-रे काढून, आत राळ ओतून वस्तूचा आकार परत मिळवता येतो. फोडू नका एवढंच म्हणणं आहे.

चौथी गोष्ट माणसांची. हे सगळं काही आमच्यासारख्यांचा छंद पुरवायला नाहीये. १९१७ च्या फेब्रुवारीत मेंडी हे जहाज इंग्लिश खाडीत दुसऱ्या जहाजाच्या धडकेने बुडालं, ६०० हून जास्त लोक गेले, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतले काळे मजूर-सैनिक. तळातल्या त्या सांगाड्याची ओळख १९७४ मध्ये पटली ती एका बशीवरून, जहाज कंपनीचं चिन्ह असलेल्या. हो, बशी. आणि घंटा? ती कुणीतरी वर आणून वर्षानुवर्षं घरात ठेवली होती, २०१७ मध्ये कुणी निनावी माणसाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून धक्क्यावर एका पत्रकारासाठी ठेवून दिली. पुढच्या वर्षी ती दक्षिण आफ्रिकेला परत गेली. एवढी वर्षं ती ज्याच्या भिंतीवर किंवा कपाटात होती त्याच्यासाठी ती शोभेची वस्तू होती, तिकडे शेकडो घरांसाठी ती आपल्या गेलेल्या माणसाची खूण होती. तुम्ही जे विकायला काढलंय त्यात असं काही नाहीच हे तुम्ही कशावरून म्हणताय?

अमेरिकेच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर १९९१ मध्ये एक जर्मन पाणबुडी सापडली, कुठल्याच नोंदीत तिथे पाणबुडी नव्हती. एक चाकू मिळाला, त्याच्यावर खलाशाचं नाव कोरलेलं, आणि तो खलाशी ज्या यू-८६९ वर होता ती तर कागदोपत्री जिब्राल्टरकडे बुडालेली. चाकू कुणाच्याही खिशात कुठेही जाऊ शकतो म्हणून शोधणारे त्याच्यावर विसंबले नाहीत. सहा वर्षांनी सुट्या भागांच्या पेटीवरची एक छोटी पट्टी वर आली, तिच्यावर पाणबुडीचा नंबर, आणि अधिकृत इतिहास बदलावा लागला. या शोधात तीन डायव्हर जिवाला मुकले. सुट्या भागांच्या पेटीवरची पट्टी म्हणजे तुमच्या भाषेत काय, तर ‘किरकोळ’.

आता तुमची बाजूही मी समजू शकतो, एकतर्फी लिहायचं नाहीये. गोडाऊनला भाडं लागतं, ओलावा मोजायला माणूस लागतो, दर वस्तूला जन्मभर सांभाळणं कुणालाच परवडत नाही. आणि सगळंच काही बोलत नाही. ज्याची नोंद मुळात कधीच नव्हती अशा शॅकल, साखळीचे सुटे कडे, गंजलेले खिळे यांचा ढीग पडलाय तो पडलाय, त्याच्यासाठी मी तुमच्याशी भांडणार नाही. पण तिथेही एकदा बघून घ्या, कारण ब्रिटनमध्ये १८६४ च्या कायद्याने नांगर-साखळ्यांची ताणून चाचणी सुरू झाली आणि कड्यांवर, नांगरावर चाचणीचे ठसे येऊ लागले. ठसा नसेल तर द्या सोडून.

आणि उतावळेपणाने नाव चिकटवा असंही मी म्हणत नाही. क्वीन ॲन्स रिव्हेंजची जागा १९९६ मध्ये सापडली, अधिकृतपणे ‘हो, तेच’ म्हणायला २०११ उजाडलं. कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजाचा सांगाडा ओळखला अशी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या म्युझियमने घोषणा केली आणि अमेरिकेतल्या त्यांच्याच जोडीदार संस्थेने लगेच सांगितलं की घाई झाली. भांडू देत की, पुरावा जागेवर आहे म्हणून भांडता तरी येतंय. तुमचा लॉट दहा घरांत वाटला गेला की भांडायलाही काही उरणार नाही.

तुम्ही म्हणाल कायद्यात बसतंय. बसत असेलही, ते मी वकिलांवर सोडतो. पण युनेस्कोचा २००१ चा पाण्याखालच्या वारशाचा करार स्पष्ट म्हणतो की अशा वस्तू व्यापारी माल म्हणून विकायच्या नाहीत आणि एका जागेवरचं सामान शक्य तितकं एकत्र ठेवायचं. आयकॉम म्हणजे म्युझियमांची जी जागतिक संघटना आहे तिच्या आचारसंहितेतही आहे की काढून टाकायची वस्तू आधी दुसऱ्या म्युझियमला देऊ करा. तुम्ही कुणाला विचारलं? नोटिशीत तरी तसं काही दिसत नाही. आणि म्युझियमच विकायला लागलं की बाहेरच्यांना काय संदेश जातो? जावा समुद्रात १९४२ मध्ये बुडालेल्या डच युद्धनौका २०१६ मध्ये बघायला गेले तर डी रॉयटर आणि जावा अख्ख्या गायब, भंगारवाल्यांनी उचलून नेलेल्या, आतल्या माणसांच्या अवशेषांसकट. ते लोक वेगळे, तुम्ही वेगळे, मान्य. पण बाजार एकच आहे.

म्हणून मागण्या, सरळ सांगतो.

लिलाव पुढे ढकला. रद्द करा असं म्हणायचा मोह होतोय पण निदान पुढे ढकला, जोपर्यंत प्रत्येक वस्तूचे सगळ्या बाजूंनी, म्हणजे मागून, आतून, कडेने, आडव्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो निघत नाहीत तोपर्यंत.

साफसफाई आजपासून बंद. ब्रश नाही, ॲसिड नाही, बफ नाही. बीड आणि लोखंड परत पाण्यात.

काढलेले टॅग परत लावा, आणि लॉट मोडून एका नोंदीचं सामान एका ठिकाणी आणा. कुठला टॅग कुठल्या वस्तूचा ते आता कळत नसेल तिथे जुन्या स्टोअरकीपरला बोलवा, ते आहेत अजून, त्यांना सगळं तोंडपाठ आहे.

फोटो आणि रजिस्टरमधली माहिती लोकांसाठी खुली करा, फक्त नेमकी जागा लपवून ठेवा नाहीतर उद्या सगळे हौशे-नवशे तिथे छिन्नी-हातोडा घेऊन उतरतील. मापं द्या. मापांचं महत्त्व तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे, लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या छापील यादीच्या जुन्या खंडांत आगबोटींच्या इंजिनाच्या सिलिंडरचे व्यास आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) छापलेले आहेत, तळातल्या इंजिनाला कुणी टेप लावली की त्या खंडांत नाव शोधता येतं, असं काम माझ्यासारखे कितीतरी लोक घरी बसून फुकट करायला तयार आहेत. तोफ असेल तर तिच्यावरचे वजनाचे तीन आकडे लिहून घ्या, ब्रिटिश तोफेवर २३-२-१४ असं असलं तर ते साल नाही आणि कोडही नाही, हंड्रेडवेट (११२ पौंडांचा), क्वार्टर (२८ पौंडांचा) आणि पौंड, म्हणजे एकूण २,६४६ पौंड, आणि जहाजाच्या तोफांच्या यादीशी ते जुळवता येतं. लाकडी तुळई असेल तर कोरलेला नंबर बघा, १८५४ च्या कायद्याने ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या मुख्य तुळईवर अधिकृत नोंदणी नंबर कोरावा लागायचा, तो मिळाला तर अर्धा तास पुरे.

ज्यांनी हे सामान दिलं त्या डायव्हर लोकांशी बोला. त्यातले बरेच म्हातारे झालेत. वस्तू वर आणताना तिच्या शेजारी काय होतं, बॉयलर किती होते, जहाज कुठल्या कुशीवर पडलंय, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कागदावर नाही. त्यांना चोर ठरवू नका, तेव्हाचे नियम वेगळे होते, नावं गुप्त ठेवा आणि फक्त ऐकून घ्या. आणि ज्यांच्या घरात अजून असं सामान आहे, हे पत्र वाचणाऱ्यांतही असतील, त्यांनाही हात जोडून सांगणं आहे की घासू नका, विकू नका, आणि आणलं कुठून ते एका चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूला बांधून ठेवा. तेवढं आज रात्री करता येतं.

हे सगळं झाल्यावर जे खरंच कुणाला नको असेल ते आधी दुसऱ्या म्युझियमला, मग कॉलेजला शिकवायला, आणि अगदीच कुणी नाही म्हणालं तर विका, मी तक्रार करायला येणार नाही.

फोटो काढायला मी येतो. आणखी चार-पाच जण यायला तयार आहेत, पैसे नकोत, एक लांब टेबल, एक चांगला दिवा आणि गोडाऊनची किल्ली असलेला एक माणूस एवढंच लागेल. लिलावाच्या तारखेआधी उत्तर द्या. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण कारण लेखी द्या. आणि तोपर्यंत निदान ते रजिस्टर तरी कुणाच्या तरी कुलपात ठेवा, ते लॉटमध्ये नाहीये त्यामुळे उद्या गोडाऊन रिकामं करताना ते रद्दीच्या गठ्ठ्यात जाईल अशी मला खरी भीती आहे.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर